मातीतलं मातीला, मेण मात्र वेगळं

तुळशीचं लग्न उरकलं की घराघरांतली दिवाळी पिशव्यांत भरून बाहेर पडते. सुकलेली झेंडूची तोरणं, लक्ष्मीपूजनाला नवी आली म्हणून बाजूला पडलेली जुनी केरसुणी, उसाची चिपाडं, रांगोळीचा केर, मेणाने बरबटलेल्या पणत्या, अर्ध्या जळलेल्या मेणबत्त्या, मिठाईचे खोके, फटाक्यांचा कागद. सगळं एका पिशवीत कोंबायचं, गाठ मारायची आणि घंटागाडी आली की तिच्यात टाकायचं. आपल्या लेखी विषय तिथे संपतो.

खरं तर त्या पिशवीतला निम्म्याहून जास्त ऐवज दोन-तीन महिन्यांत उत्तम खत होऊ शकला असता. आणि त्यातलंच मेण मोरीत ओतलं तर मोरी तुंबवतं, खताच्या कुंडीत टाकलं तर वर्ष उलटलं तरी जसंच्या तसं राहतं आणि गॅसवर निष्काळजीपणे वितळवायला ठेवलं तर घराला आग लावतं. म्हणून या दोन गोष्टी, घरचं खत आणि घरातलं मेण, एकत्रच सांगतो आहे. सणासुदीला त्या एकाच पिशवीत येतात आणि तिथेच त्यांची फारकत व्हायला हवी.

टाकण्याआधी एकच प्रश्न

काय कुजतं आणि काय कुजत नाही याच्या लांबलचक याद्या पाठ करायची गरज नाही. वस्तू हातात घेतली की स्वतःला विचारायचं: ही आली कुठून? झाडापासून आली असेल तर तिला मातीत जागा आहे. खाणीतून किंवा तेलाच्या विहिरीतून आली असेल तर नाही.

हा प्रश्न दिवाळीच्या पिशवीला लावून बघा. झेंडू, आंब्याची पानं, उसाची चिपाडं, अंगठ्याने फोडलेलं कारेट, उटण्याची पूड, कापसाच्या वाती हे सगळं झाडाचं आहे. केरसुणी शिंदीच्या पानांची, म्हणजे तीही झाडाचीच. तिची नायलॉनची दोरी किंवा तार सोडवा, पाती कात्रीने बोटभर लांबीची कापा, की खतात घालायला छान कोरडा माल तयार झाला. पांढरी रांगोळी शिरगोळ्याची, म्हणजे दगडाची पूड. ती कुजणार नाही. ती केरात जाऊ दे. फटाक्यांच्या कागदाला दारू लागलेली असते, त्यामुळे तो झाडापासून आलेला असला तरी कुंडीत नको.

पणती मातीची असते, पण भाजलेली माती पुन्हा माती होत नाही. तिचं खापर मात्र कामाचं. कुंडीच्या तळाच्या भोकावर खापरीचा तुकडा पालथा ठेवला की पाणी निचरतं आणि माती वाहून जात नाही. आधी तिच्यावरचं मेण काढा, कसं ते पुढे येईलच.

आता मेण. आपल्या पणज्या कपाळाला आधी मेणाचं बोट लावून त्यावर कुंकू टेकवायच्या. ते मेण मधमाश्यांच्या पोळ्याचं होतं. फुलांवर जगणाऱ्या माशीने केलेलं ते मेण सावकाश का होईना, मातीत मिसळतं. आज दुकानात मिळणारी साधी मेणबत्ती, रंगीत पणतीत ओतलेलं मेण, वाढदिवसाच्या केकवरच्या बारीक मेणबत्त्या हे जवळजवळ सगळं पॅराफिन असतं, म्हणजे खनिज तेलाच्या शुद्धीकरणातून निघालेला माल. दिसायला दोन्ही मेणं भावंडं, पण एकाचा जन्म पोळ्यात झालेला आणि दुसऱ्याचा तेलविहिरीत. पॅराफिन विषारी नाही. पण खतात पडलं की ते पानांवर आणि सालींवर थर धरून बसतं, पाणी आत शिरू देत नाही आणि हवाही खेळू देत नाही. खत होण्याला नेमक्या याच दोन गोष्टी लागतात.

आधी तोरण सोडवा

खताची सुरुवात निवडण्यापासून होते. निवडणं म्हणजे काय, हे एका तोरणावरून सांगतो.

सुकलेलं तोरण जुन्या वर्तमानपत्रावर पसरा. एका टोकाची गाठ कापा आणि दोरा ओढा. सुती असेल तर तो दोन बोटांत सहज तुटतो. मग तोही फुलांबरोबर जाऊ दे. तुटत नसेल, बोटाला कापत असेल, तर तो नायलॉनचा. हा दोरा खतात गेला तर पुढे खत चाळताना चाळणीला गुंडाळतो आणि गांडुळांनाही अडकवतो. फुलं एका बाजूला ओघळवा. आता नीट बघा: फुलांच्या मध्ये थर्मोकोलचे मणी, चमकीचे तुकडे, प्लास्टिकची हिरवी पानं ओवलेली सापडतील. एक-एक वेचून वेगळी करा. उरलेला झेंडू हाताने चुरगळा. पाकळ्या मोकळ्या होतात, देठ वेगळा पडतो आणि कागदावर काळ्या-पांढऱ्या टोकांचं बारीक बी उरतं. त्यातलं चिमूटभर बी कागदाच्या पुडीत ठेवून द्या. पावसाळ्याच्या तोंडाला पेरलंत तर दसऱ्याला दारात स्वतःचा झेंडू येईल.

गणपतीच्या निर्माल्यालाही हीच रीत. हार, दूर्वा, पत्री, केवडा सगळं खतात जातं. जर, कलाबतू, प्लास्टिकचं आवरण आणि दोरा वेगळा. निर्माल्य पायदळी येऊ नये ही भावना असेल तर त्याची एक कुंडी वेगळी ठेवा आणि ते खत तुळशीला घाला.

कुंडीतलं खत

घरी खत करायला जमीन लागत नाही. गच्ची, गॅलरी, खिडकीची जाळी, अगदी सज्जाचा एक कोपरा पुरतो. भांडं कोणतंही चालेल: गळका माठ, धुतलेली रंगाची बादली, पाण्याचा जुना ड्रम. अट एकच, तळाला आणि बाजूंना भोकं हवीत. चार माणसांच्या घराला वीस लिटरच्या तीन-चार बादल्या पुरतात. एक भरेपर्यंत आधीची मुरत राहते.

तळाला विटांचे किंवा खापरीचे तुकडे घाला, त्यावर चार बोटं सुका पाला. मग रोजचा ओला कचरा: भाजीची देठं, फळांच्या साली, चहाचा चोथा, अंड्याची टरफलं, शेंगांची फोलं. जितकं बारीक चिराल तितकं लवकर कुजेल. चहाचा चोथा धुऊन घ्या, नाहीतर साखरेला मुंग्या लागतात. जितका ओला कचरा तितकाच, किंवा त्याच्या दुप्पट, कोरडा माल वरून पसरा. कोरडा माल म्हणजे पाला, लाकडाचा भुसा, नारळाचा भुसा, फाडलेली वर्तमानपत्रं, अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे. घरगुती खत फसतं ते बहुतेक वेळा हा कोरडा थर कमी पडल्यामुळे.

कारण साधं आहे. कुजवणाऱ्या जिवाणूंना कर्ब आणि नत्र दोन्ही लागतात, साधारण तीस भाग कर्ब आणि एक भाग नत्र. ओल्या कचऱ्यात नत्र भरपूर असतं, कर्ब कोरड्या पाल्यात. नुसता ओला कचरा साठवला की पाणी सुटतं, हवा संपते आणि त्याचा चिखल होऊन घाण वास मारतो. नुसता पाला साठवला तर तो वर्षभर तसाच पडून राहतो.

पहिल्या खेपेला विरजण लागतं. शेजाऱ्यांकडचं मूठभर तयार खत, थोडं शेण किंवा आंबट ताक शिंपडलं की काम भागतं. दुकानात मिळणारी कल्चरची पाकिटंही चालतात, पण त्यांच्यावाचून अडत नाही. पुढच्या बादलीला आधीच्या बादलीतलं खतच विरजण म्हणून पुरतं.

आठवड्यातून एकदा काठीने किंवा खुरप्याने खालवर करा. मूठभर घेऊन दाबून बघा: हाताला ओलसर लागलं आणि फार तर एखादा थेंब आला तर ओल बरोबर आहे. पाणी टपकलं तर पाला घाला. भुरभुरलं तर पाण्याचा हबका मारा. बादली भरली की झाकून ठेवून द्या. दीड-दोन महिन्यांत माल निम्म्याहून खाली बसतो, रंग काळपट तपकिरी होतो आणि त्याला पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास येतो. चाळून घ्या. न कुजलेली आंब्याची कोय, मक्याचं बुरकुंड, नारळाची शेंडी पुढच्या बादलीत परत टाका.

या शास्त्रातली एक महत्त्वाची पद्धत आपल्याकडेच घडली. अल्बर्ट हॉवर्ड हे इंग्रज कृषिशास्त्रज्ञ १९२४ ते १९३१ या काळात इंदूरला होते. तिथल्या शेतकऱ्यांचा पालापाचोळा, शेण, राख आणि माती यांचे थर देऊन, ओल राखून, ठरावीक वेळाने पलटून त्यांनी सुमारे तीन महिन्यांत खत तयार करण्याची पद्धत बसवली. १९३१ साली ती ज्या पुस्तकातून जगापुढे आली, त्यावर हॉवर्ड यांच्या जोडीला यशवंत वाड हे नाव आहे. जगभर आजही ती 'इंदूर पद्धत' म्हणूनच ओळखली जाते. आपल्या गॅलरीतली बादली ही त्याच पद्धतीची छोटी आवृत्ती. फरक इतकाच की शेतातला मोठा ढीग आतून साठ अंशांच्या आसपास तापतो आणि त्यातलं तणाचं बी, रोगजंतू मरतात. बादली एवढी तापत नाही. म्हणून रोगट झाडाची पानं आणि कुत्र्या-मांजरांची विष्ठा बादलीत घालू नका.

शिजवलेल्या अन्नाचं काय, हा प्रश्न हमखास येतो. उरलेला भात, पोळीचे तुकडे थोड्या प्रमाणात चालतात. तेलकट रस्सा निथळून घ्या आणि वर पाला जास्त घाला. मासळी आणि मटणाची हाडं मातीतच जातील, पण गॅलरीतल्या बादलीत ती घातली की उंदीर आणि मांजरं हजर. कोकणात माशांचं धुवण आणि खवलं नारळाच्या मुळाशी खोल पुरतात. परसू असेल तर तसंच करा. फ्लॅटमध्ये ही हौस नको. फराळाचं उरलेलं तळणीचं तेल मात्र खतातही नको आणि मोरीतही नको. ते गाळून ठेवा आणि पणत्यांत जाळा. त्याने मेणाच्या पणत्यांचा खर्चही वाचेल.

काही बिघडलं तर

वास येतो? ओल जास्त झाली. दोन ओंजळी पाला घालून हलवा, दोन दिवसांत वास जाईल. चिलटं झाली? फळांच्या साली उघड्या राहिल्या असतील. वर पाल्याचा किंवा मातीचा थर द्या आणि तोंडाला जुनी ओढणी बांधा. पांढुरक्या-करड्या जाड अळ्या दिसल्या? घाबरू नका. बहुधा त्या काळ्या सैनिक माशीच्या अळ्या असतात. कचरा झपाट्याने खातात, चावत नाहीत आणि रोगही पसरवत नाहीत. मुंग्या झाल्या म्हणजे माल कोरडा पडला, पाणी शिंपडा. पांढरी बुरशी किंवा छत्र्या उगवल्या तर काम नीट चाललं आहे.

पावसाळ्यात खरी अडचण येते ती कोरड्या पाल्याची. जुलैमध्ये पाला शोधायला निघालात तर मिळणार नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये बदाम, पिंपळ, वर्षावृक्ष यांची पानगळ होते, तेव्हाच गोण्या भरून ठेवा. बहुतेक ठिकाणी नेमका हाच पाला सकाळी झाडून रस्त्याच्या कडेला पेटवला जातो. उघड्यावर कचरा जाळण्याला राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये देशभर मनाई केली. साध्या प्रकरणात ५,००० आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५,००० रुपये भरपाई ठरवली. सफाई करणाऱ्या ताईंवर डाफरण्याऐवजी त्यांना रिकामी गोणी द्या आणि भरलेली मागून घ्या.

मेण मोरीत नको

आता मेणाकडे वळू. पहिला नियम: वितळलेलं मेण बेसिनमध्ये, मोरीत, संडासात कुठेही ओतायचं नाही. मेण साधारण पन्नास ते पासष्ट अंशांना वितळतं. गरम पाण्याबरोबर ते नळीत जातं, चार हात पुढे थंड होतं आणि तिथेच आतून चिकटतं. मग त्याला केस, तेल, भाताची शितं धरतात. तुंबलेली नळी उघडणाऱ्या प्लंबरला विचारा, दिवाळीनंतरचे दिवस त्याच्या कमाईचे असतात.

मेणाने माखलेली पितळी समई, निरांजनं, काचेचे दिवे, मातीच्या पणत्या यांसाठी सोपी युक्ती आहे. आधी सुरीच्या बोथट बाजूने जेवढं निघेल तेवढं कोरडंच काढा. मग जुन्या बादलीत कढत पाणी घ्या, वस्तू त्यात बुडवा आणि चिमट्याने थोडी हलवा. मेण सुटतं आणि पाण्यापेक्षा हलकं असल्याने वर येऊन तेलासारखं तरंगतं. वस्तू बाहेर काढून पुसा. बादलीला हात लावू नका; पाणी पूर्ण थंड होऊ द्या. तासा-दोन तासांनी वर पापुद्र्यासारखी चकती धरते. ती बोटांनी उचलून वर्तमानपत्रावर ठेवा, पाणी जुन्या फडक्यातून गाळा, फडक्यावरचे कण चकतीत मिळवा आणि मगच पाणी ओता. काचेच्या छोट्या दिव्यांना गरम पाण्याने तडा जाण्याची भीती असेल तर ते तासभर फ्रीजरमध्ये ठेवा. मेण आकसतं आणि थोडं ठोकलं की गोळा सुटून येतो.

फरशीवर सांडलेलं मेण ओलं असताना पुसायला जाऊ नका, ते पसरतं. घट्ट होऊ द्या, वर बर्फाचा खडा फिरवा आणि जुन्या प्लास्टिकच्या कार्डाने खरवडा. सुती कपड्यावर पडलं तर आधी खरवडा, मग डागाच्या खाली-वर कोरा कागद ठेवून कोमट इस्त्री फिरवा. मेण कागदात उतरतं. कागद दोन-तीनदा बदला. छापील वर्तमानपत्र वापरलंत तर मेणाऐवजी शाई कपड्यावर उतरेल. पैठणीवर किंवा कुठल्याही रेशमी, जरीच्या वस्त्रावर हा प्रयोग घरी नको. ती तशीच ड्रायक्लीनरकडे द्या आणि डाग मेणाचा आहे, हे आवर्जून सांगा.

मेणाची आग आणि पाणी

आता सांगतो ते घरातल्या सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवा. मेण पेटलं तर त्यावर पाणी टाकायचं नाही. एक थेंबसुद्धा नाही.

वितळलेलं मेण पेटतं तेव्हा त्याचं तापमान पाणी उकळण्याच्या तापमानापेक्षा कितीतरी जास्त असतं. पाणी मेणाहून जड, त्यामुळे ते तळाशी जातं आणि तिथे क्षणात वाफ होतं. पाण्याची वाफ झाली की तिचं आकारमान सोळाशे-सतराशे पट वाढतं. ती वाफ वरचं पेटतं मेण घेऊन उसळते आणि छतापर्यंत भडका जातो. तळणीच्या तेलाचंही हेच. आग विझवायची ती गॅस बंद करून आणि भांड्यावर घट्ट झाकण किंवा पालथी परात सरकवून. झाकण लगेच उचलू नका, भांडं हलवू नका. आवाक्याबाहेर गेलं तर घराबाहेर पडा आणि १०१ किंवा ११२ ला फोन करा.

ॲल्युमिनियमच्या वाटीतल्या छोट्या मेणबत्त्या आता रांगोळीत सर्रास मांडतात. स्वस्तिकाच्या रेषेवर एकीला एक लागून मांडल्या की दिसतात छान, पण शेजारच्या ज्योतींच्या उष्णतेने वाटीतलं सगळं मेण पातळ होतं आणि कधीकधी वातीऐवजी वाटीच पेटते. मग घाबरून कुणीतरी तांब्याभर पाणी ओततं. दोन दिव्यांत वीतभर अंतर ठेवा, जवळ ताट किंवा परात तयार ठेवा. ओढणीचं टोक, लहान मुलांचे नायलॉनचे घेरदार फ्रॉक, खिडकीचा पडदा यांपासून दिवा दूर. वात पाव इंचापेक्षा लांब झाली तर कापा. मेण तळाशी बोटाच्या पेराएवढं उरलं की दिवा विझवा. पेटती मेणबत्ती टीव्हीवर, फ्रीजवर किंवा प्लास्टिकच्या स्टुलावर ठेवू नका, आणि वीज गेली म्हणून लावलेली मेणबत्ती तशीच ठेवून झोपू तर मुळीच नका.

गरम मेण अंगावर पडलं तर ती जागा लगेच नळाच्या वाहत्या साध्या पाण्याखाली वीस मिनिटं धरा. चिकटलेलं मेण ओरबाडू नका, त्याबरोबर कातडी निघते. बर्फ, टूथपेस्ट, हळद, तूप काहीही लावू नका. भाजलेला भाग मोठा असेल, चेहऱ्यावर किंवा लहान मुलाला भाजलं असेल तर दवाखाना गाठा, रुग्णवाहिकेसाठी १०८.

उरलेलं मेण वाया घालवू नका

चकत्या, मेणबत्त्यांची बुडखी, रंगीत खडूंचे तुकडे एका डब्यात साठवत जा. वर्षभरात बऱ्यापैकी मेण जमतं आणि वीज जाण्याच्या दिवसांत त्याच्या नव्या मेणबत्त्या होतात. वितळवताना पातेल्यात पाणी घ्या, त्यात दुसरं छोटं भांडं ठेवा आणि मेण त्या छोट्या भांड्यात वितळवा. पाणी शंभर अंशांच्या वर जात नाही, त्यामुळे मेण पेटण्याइतकं तापू शकत नाही. पातेल्यातलं पाणी आटू देऊ नका. थेट गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये मेण ठेवणं धोक्याचं. हे भांडं पुन्हा स्वयंपाकाला वापरायचं नाही, म्हणून एखादं पोचे आलेलं ॲल्युमिनियमचं भांडं यासाठीच राखून ठेवा. मेण वितळलं की जुन्या फडक्यातून गाळा, सुती वात मेणात भिजवून ताणून धरा आणि मातीच्या पणतीत ओता. हे करताना मुलांनी बघावं, पण ओतायचं काम मोठ्यांनीच करावं.

एवढी उठाठेव नको असेल तरी बुडखी कामाला येतात. लाकडी ड्रॉवरच्या कडांना, अडकणाऱ्या चेनला, करवतीच्या पात्याला मेण घासा. लाकडात स्क्रू जड जात असेल तर सुतार त्याला मेण चोळतो, तेही याच कारणासाठी. ॲल्युमिनियमच्या वाट्या मेण काढून, चेपून भंगारवाल्याला द्या. मेणाने भरलेली वाटी त्याच्या दृष्टीने कचरा. साफ केलेली वाटी धातूच्या भावाने जाते. आणि ज्या मेणाचं काहीच होण्यासारखं नाही ते घट्ट झाल्यावर कागदात गुंडाळून सुक्या कचऱ्यात टाका.

भक्तीच्या मेणालाही हे लागू आहे. वांद्र्याच्या मोतमाउलीच्या सप्टेंबरातल्या जत्रेत मेणाचे हात, पाय, घर, बाळ यांच्या प्रतिकृती नवसाला वाहतात. मेणाचा नवस तिथे पोहोचला पाहिजे, पण घरी परत आणलेल्या मेणबत्त्यांची बुडखी वरच्याच डब्यात जमा करा.

लपलेलं मेण

काही मेण डोळ्यांना दिसत नाही. बाजारातली सफरचंदं चकाकतात ती वरच्या पातळ थरामुळे. फळांना लावायला परवानगी असलेली मेणं पोळ्याची, लाखेच्या किड्याची किंवा एका ताडवर्गीय झाडाच्या पानांवरची. साल स्वच्छ धुऊन बादलीत टाका, खताचं काही बिघडत नाही.

चहाचे कागदी कप मात्र फसवे. आतून जो गुळगुळीत थर असतो तो बहुतेक वेळा प्लास्टिकचा. कप पाण्यात भिजवून बघा: कागद मऊ पडतो आणि आतला पापुद्रा अखंड निघून येतो. तो पापुद्रा खतात तसाच राहतो, म्हणून कप बादलीत नको. ज्यूसच्या पेट्या, मेणकागद, केकखालचा सोनेरी पुठ्ठा यांचीही हीच गत. 'कंपोस्ट होणारी' असं छापलेल्या पिशव्याही घरच्या बादलीत वर्षभर तशाच राहू शकतात. त्या मोठ्या कारखान्यातल्या जास्त तापमानासाठी केलेल्या असतात.

एका घरापुरतं ठेवू नका

चार माणसांच्या घरातून रोज साधारण अर्धा ते एक किलो ओला कचरा निघतो. सुक्यात मिसळून तो डेपोवर गेला की खाली दबतो, हवा मिळत नाही आणि त्यातून मिथेन सुटतो. मिथेन पेट घेतो. जानेवारी २०१६ मध्ये मुंबईत देवनारचा कचरा डेपो पेटला आणि कित्येक दिवस शहरावर धूर राहिला, हे आपण विसरलो नसू. त्याच वर्षी आलेल्या घनकचऱ्याच्या नियमांनी घरातच ओला, सुका आणि घातक कचरा वेगळा करायला सांगितलं, आणि ५,००० चौरस मीटरहून मोठ्या वसाहतींनी आपला ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवावा असंही म्हटलं. नियम आले म्हणून आपोआप काही होत नाही. सोसायटीच्या पुढच्या सभेत पार्किंगच्या वादाआधी हा विषय घ्या. पुण्यात गांडूळखत प्रकल्पाला मिळकतकरात सवलत आहे. आपल्या नगरपालिकेत आहे का ते विचारा आणि नसेल तर मागा.

वेंगुर्ल्यासारख्या छोट्या नगरपालिकेने कचरा घरातच वेगवेगळा करून घेतला आणि जिथे कचऱ्याचे ढीग होते ती जागा लोक मुद्दाम बघायला जातील अशी केली. तिथले लोक आपल्याहून वेगळे नाहीत. फरक पडला तो वर्गीकरण घरात झाल्यामुळे. आणि आपण टाकलेलं हातांनी निवडणारी माणसं असतात, हे लक्षात असू द्या. पुण्यात कचरावेचकांची स्वतःची सहकारी संस्था आहे, 'स्वच्छ' नावाची. तिच्यातल्या ताई दारोदार फिरून कचरा घेतात. आपण मेण, उष्टं आणि नायलॉनचा दोरा एकत्र कोंबतो तेव्हा तो गुंता त्यांच्या बोटांना सोडवावा लागतो.

म्हणून माझं मागणं मोठं नाही. या रविवारी भोकं पाडलेली एक बादली, एक गोणी पाला आणि मेणासाठी एक रिकामा डबा, एवढंच जमवा. ओला कचरा घराबाहेर जाता कामा नये, मेण मोरीत जाता कामा नये आणि पेटलेल्या मेणावर पाणी पडता कामा नये. घरातल्या मुलांकडून हे तीन नियम आधी पाठ करून घ्या. मोठ्यांना मग मुलंच आठवण करून देतील.